नाव एनएसएसचं, वेळ मेममूव्हचा : एका प्रोफाइलचा तपास

एक सी++ सेवा. कारखान्यातल्या यंत्रांवरच्या सेन्सरकडून संदेश येतात, ही सेवा ते घेते, रांगेत टाकते आणि पुढे वेगवेगळ्या ग्राहक-थ्रेडना वाटते. उबंटू २०.०४ वर चालणारी, लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी, आवृत्ती २.३१, हिच्याशी डायनॅमिक पद्धतीने, म्हणजे चालू होताना, जोडलेली. भार वाढला की सीपीयू अपेक्षेपेक्षा बराच जास्त खायची, म्हणून टीमने जीपर्फटूल्सचा सीपीयू प्रोफायलर (कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावून प्रोफाइल घेतलं. यादीत सगळ्यात वर नाव आलं ते असं : __एनएसएस_डेटाबेस_लुकअप. लायब्ररी : लिबसी, म्हणजे जीलिबसीची मुख्य फाइल.

एनएसएस म्हणजे नेम सर्व्हिस स्विच. वापरकर्त्याचं नाव, ग्रुप, होस्टचं नाव अशी माहिती फाइलमधून आणायची, एलडॅपकडून (वापरकर्त्यांची नेटवर्कवरची मध्यवर्ती सूची) आणायची की डीएनएसकडून, हे ठरवणारी जीलिबसीमधली यंत्रणा. तिची सेटिंग /इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमध्ये असते. सेन्सरचे संदेश वाटणाऱ्या सेवेला भर भाराखाली हे सगळं कशाला लागावं?

तरीही नाव इतकं स्पष्ट होतं की टीमने त्यावर विश्वास ठेवला, आणि तसं करण्याला कारणही होतं. त्यांच्या सर्व्हरवर लॉगिन एलडॅपवरून चालायचं. सेवेच्या नोंदी लिहिणारा लॉगर सुरू होताना वापरकर्त्याचं नाव विचारायचा. त्यामुळे ‘लॉगर प्रत्येक ओळीला नाव विचारतो आहे आणि एलडॅपमुळे ते महाग पडतं आहे’ ही गोष्ट सहज जुळून आली. कोणी म्हणालं, एनएससीडी चालू करून उत्तरं कॅशमध्ये ठेवू. मग लॉगरमधून ते विचारणंच काढून टाकलं. प्रोफाइल परत घेतलं. तेच नाव, तितकंच वर. मग प्रोग्रामच्या कर्नलला जाणाऱ्या हाका दाखवणारं एसट्रेस लावून पाहिलं, तर एनएसस्विचची फाइल भाराखाली कुठेच उघडली जात नव्हती, आणि एलडॅपच्या दिशेने एकही सॉकेट जात नव्हतं.

प्रोफाइल माझ्याकडे आलं ते इथे. या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण हा चकवा एका टीमचा नाही. सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते, काढून टाकलेली जीलिबसी, जवळचं मागचं नाव उचलणारं साधन आणि भरपूर मेमरी कॉपी करणारा प्रोग्राम एकत्र आले की हेच नाव किंवा असंच दुसरं एखादं असंबद्ध नाव वर येतं. लोक आठवडेच्या आठवडे चुकीच्या दारावर धडका देत राहतात.

प्रोफायलर नेमकं मोजतो काय

जीपर्फटूल्सचा प्रोफायलर प्रोसेसच्या आत बसतो. तो कर्नलकडे एक टायमर लावतो. प्रोसेसने खर्च केलेल्या सीपीयू वेळेनुसार हा टायमर सिगप्रॉफ हा सिग्नल पाठवतो, मूळ सेटिंगप्रमाणे सेकंदाला १०० वेळा. सिग्नल आला की हँडलर त्या क्षणीचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर (चालू सूचनेचा पत्ता) वाचतो, स्टॅक उलगडतो (कोणी कोणाला बोलावलं ते मागे शोधतो) आणि मिळालेल्या पत्त्यांची माळ एका तक्त्यात टाकून तिच्यापुढची संख्या एकने वाढवतो. बस. इथे कुठल्याही फंक्शनचं नाव येत नाही, येऊही नये, कारण सिग्नल हँडलरमध्ये फाइली उघडून नावं शोधत बसणं धोक्याचं आहे.

लिनक्सचं पर्फ हे काम कर्नलमधून करतं. २००९ मध्ये कर्नल २.६.३१ पासून ते आलं. हार्डवेअरचा काउंटर ओसंडला की कर्नल नमुना घेतो. पण सार तेच : नोंदला जातो पत्ता. नाव नंतर, अहवाल काढताना, बऱ्याचदा वेगळ्याच मशीनवर आणि वेगळ्याच दिवशी शोधलं जातं. म्हणून प्रोफाइलमधला पत्ता हे मोजमाप आहे, आणि नाव हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोन्ही एकाच ओळीत, एकाच टायपात छापलेले दिसतात, म्हणून वाचणारा दोन्हींना सारखंच वजन देतो. या प्रकरणात घोळ झाला तो सगळा दुसऱ्या भागात. मोजमाप अगदी बरोबर होतं.

पत्त्यापासून फाइलपर्यंत

डायनॅमिक लायब्ररी प्रत्येक वेळी वेगळ्या पत्त्यावर चढते. पत्ते विस्कटण्याची सुरक्षा चालू असते, त्यामुळे आज लिबसी एका जागी, उद्या दुसऱ्या. मात्र हलते ती अखंड, ४०९६ बाइटांच्या पानांच्या पटीत. आतल्या फंक्शनांमधलं अंतर बदलत नाही. म्हणून कुठली फाइल कुठे चढली याचा नकाशा हाती असला की पत्ता परत फाइलमधल्या जागेत बदलता येतो.

तो नकाशा कर्नल /प्रॉक/सेल्फ/मॅप्स मध्ये देतं. जीपर्फटूल्स प्रोफाइल बंद करताना ही संपूर्ण फाइल प्रोफाइलच्या शेपटीला जोडतं. (यातून एक अडचण येते. एखादं प्लगिन मध्येच डीएलओपनने चढलं आणि डीएलक्लोजने उतरलं, तर शेवटच्या नकाशात ते नसतं, आणि त्याचे नमुने अनाथ राहतात. त्याच जागी दुसरी लायब्ररी चढली असेल तर ते नमुने तिच्या नावावर जातात. पर्फ प्रत्येक एमएमॅपची, म्हणजे फाइल मेमरीत चढवण्याची, नोंद वेळेसकट घेतं, म्हणून तिथे ही अडचण सहसा येत नाही. आमच्या सेवेत प्लगिन नव्हती, तेव्हा हा संशय लगेच बाद झाला.)

आता हिशेब. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहेत आणि समजायला सोपे जावेत म्हणून बदलून घेतले आहेत, पण रीत हीच. समजा, लिबसीचा चालवता येण्याजोगा तुकडा ७३१२४००२५००० या पत्त्यावर सुरू होतो, आणि नकाशा सांगतो की तो फाइलमधल्या २५००० या ऑफसेटपासून, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून तेवढ्या अंतरावरून, उचलला आहे. नमुन्यातला पत्ता आहे ७३१२४०१८८४५०. त्यातून सुरुवात वजा केली की राहतात १६३४५०. त्यात २५००० मिळवले की १८८४५०. ही झाली फाइलमधली जागा.

पण सिम्बॉल टेबलमधले पत्ते हे फाइलमधले ऑफसेट नसतात. ते लिंकरने (कोडचे तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या साधनाने) ठरवलेले आभासी पत्ते असतात, जणू लायब्ररी शून्यापासून चढली आहे असं धरून दिलेले. ऑफसेट आणि आभासी पत्ता यांची सांगड ईएलएफ (लिनक्सवरच्या प्रोग्राम आणि लायब्ऱ्यांचा साचा) फाइलच्या प्रोग्राम हेडरमध्ये असते : अमुक ऑफसेटपासूनचा तुकडा तमुक आभासी पत्त्यावर. जीएनयू लिंकरने बांधलेल्या नेहमीच्या लायब्ररीत कोडच्या तुकड्यासाठी हे दोन्ही आकडे सारखेच निघतात. आमच्या लिबसीतही तसंच होतं, २५००० ला २५०००. म्हणून अनेक साधनांनी, आणि अनेक टीमांच्या घरगुती स्क्रिप्टांनी, ही पायरीच गाळलेली असते. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग कोणी एलएलडी लिंकर वापरायला लागतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत फाइलमध्ये जागा वाचावी म्हणून तुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात, आभासी पत्ते मात्र पानापानाने पुढे सरकवलेले. कोडचा ऑफसेट आणि आभासी पत्ता यांत एका पानाचा, म्हणजे हेक्समध्ये १००० चा फरक पडतो. पायरी गाळणारं साधन तेवढ्याने घसरतं आणि शेजारच्या, पूर्ण खऱ्या वाटणाऱ्या फंक्शनचं नाव देतं. कुठेही चुकीचा संदेश येत नाही.

या टीमची स्वतःची लायब्ररी एलएलडीनेच बांधलेली होती, म्हणून हा संशय खरोखर तपासावा लागला. जीपर्फटूल्सचं अहवाल काढणारं साधन पीप्रॉफ टेक्स्ट-सेक्शनचा, म्हणजे कोडच्या भागाचा, आभासी पत्ता आणि ऑफसेट वाचून त्यांतला फरक हिशेबात धरतं. तेव्हा इथे ते बरोबर होतं. आणि शंका होती ती लिबसीबद्दल, जिथे फरक शून्यच.

नाव कुठून आलं

तर १८८४५० या आभासी पत्त्यावर काय आहे, हा प्रश्न. उत्तर सिम्बॉल टेबलमध्ये, आणि इथेच प्रकरणाचं मर्म आहे.

ईएलएफ फाइलमध्ये सिम्बॉलची टेबलं दोन असू शकतात. एक पूर्ण, सिमटॅब. त्यात फाइलमधली सगळी फंक्शनं : बाहेर दिलेली आणि आतल्या आत वापरायची, दोन्ही. दुसरं डिनसिम. त्यात फक्त बाहेरच्यांना दिसायला हवीत ती, म्हणजे एक्सपोर्ट केलेली, आणि लायब्ररीला स्वतःला बाहेरून हवी असलेली. प्रोग्राम चढवताना डायनॅमिक लिंकरला डिनसिमच लागतं. सिमटॅब चालण्यासाठी लागत नाही, म्हणून वितरणात पॅकेज बांधताना स्ट्रिप करून ते काढून टाकतात आणि वेगळ्या डीबग पॅकेजमध्ये ठेवतात. उबंटूच्या नेहमीच्या लिबसीत उरतं ते डिनसिम.

पीप्रॉफ आधी एनएम या साधनाकडे पूर्ण टेबल मागतं. ते नसलं की डिनसिम. नावं पत्त्यांच्या क्रमाने लावतं आणि एक साधा नियम धरतं : एका नावाची हद्द पुढचं नाव सुरू होईपर्यंत. दोन नावांच्या मध्ये जे पडेल ते मागच्याच्या खात्यात. पूर्ण टेबल असेल तर हा नियम फारसा चुकत नाही. अर्धी नावं गायब असतील तर तोच नियम फसवतो. घाटात गाडी बंद पडली आणि फोनवर कोणी ‘कुठे आहात’ विचारलं, तर माणूस मागे गेलेल्या शेवटच्या गावाचं नाव सांगतो. मधल्या वाड्यांच्या पाट्याच कोणी काढून नेल्या असतील तर ते शेवटचं गाव कोसभर मागे राहिलेलं असतं, आणि ऐकणारा मदत तिकडे पाठवतो.

आमच्या हिशेबात __एनएसएस_डेटाबेस_लुकअप सुरू होत होतं समजा १६६३०० वर. नमुना १८८४५० वर. फरक हेक्समध्ये २२१५०, म्हणजे दशमानात १,३९,६०० बाइट. एखादं फंक्शन इतकं मोठं असतं का? प्रत्येक सिम्बॉलसोबत त्याचा आकारही टेबलमध्ये लिहिलेला असतो. रीडएल्फने डिनसिम छापून पाहिलं तर या फंक्शनचा आकार त्या अंतराच्या जवळपासही नव्हता. नमुना फंक्शनच्या हद्दीबाहेर, खूप पुढे पडला होता. साधनाने आकार पाहिलाच नव्हता.

या एका पाहणीने संशयित सुटला. पुढे गेलो नसतो तरी ‘एनएसएस नाही’ एवढं इथे सिद्ध झालं होतं. कुठल्याही प्रोफाइलमध्ये विचित्र नाव वर दिसलं की मी पहिल्यांदा हेच पाहतो : नमुन्याचं नावापासूनचं अंतर किती, आणि त्या नावाचा नोंदलेला आकार किती. अहवाल अंतर दाखवत नसेल तर कच्चे पत्ते मागावेत. बहुतेक साधनं ते देतात, फक्त आपणहून दाखवत नाहीत.

पर्फ इथे वेगळं वागतं. ते सिम्बॉलचा आकार मानतं. आकार शून्य लिहिलेला असेल तरच हद्द पुढच्या नावापर्यंत ताणतं. त्यामुळे याच सेवेचं पर्फने घेतलेलं प्रोफाइल लिबसीपुढे नुसता हेक्स पत्ता दाखवत होतं. टीमने तेही आधी पाहिलं होतं, आणि ‘पर्फला नाव सापडत नाही, दुसऱ्याला सापडतं’ म्हणून दुसऱ्याला जास्त हुशार ठरवलं होतं. हे होणं स्वाभाविक आहे, पण माझं मत ठाम आहे : मोकळा पत्ता दाखवणारं साधन वाचकाशी जास्त प्रामाणिक आहे. रिकामी जागा माणसाला प्रश्न विचारायला लावते, चुकीचं नाव मात्र त्याला एलडॅपकडे पाठवतं.

मग तिथे खरं कोण राहतं

स्टॅकने आधीच एक धागा दिला होता, फक्त तो कोणी ओढला नव्हता. ‘एनएसएस लुकअप’ला बोलावणारं फंक्शन होतं टीमच्या स्वतःच्या लायब्ररीतलं, संदेश रांगेत ढकलणारं. रांगेत ढकलताना नावांचा शोध घेण्याचं काही कारणच नाही. पण रांगेत ढकलताना बाइट कॉपी करण्याचं कारण नक्की आहे.

जीडीबी या डीबगरने त्या पत्त्याभोवतालच्या सूचना उलगडल्या. २५६ बिटांच्या वायएमएम रजिस्टरमधून ३२-३२ बाइट उचलून ठेवणाऱ्या सूचना, लांबीनुसार फाटे, आणि त्यांच्यामध्ये एक ‘रेप मूव्हएसबी’. एनएसएसचा कोड असा दिसत नाही. त्यात स्ट्रिंग-तुलना, कुलपं, दुसऱ्या फंक्शनांना हाका असतात. इथे एकही हाक नव्हती. आणखी एक खूण : लिबसीतले बहुतेक नमुने एका पत्त्यावर गोळा झाले होते. रेप मूव्हएसबी ही एकच सूचना हजारो बाइट हलवते. मध्ये टायमर आला तरी इन्स्ट्रक्शन पॉइंटर तिच्यावरच असतो. जीलिबसी २.३१ मध्ये ३२ बाइटची रजिस्टरं वापरणाऱ्या प्रकारात ४०९६ बाइटांच्या पुढची कॉपी, प्रोसेसर साथ देत असेल तर, या सूचनेकडे जाते. सेवेतले संदेश काही किलोबाइटांचे होते. सगळं जुळत गेलं.

म्हणजे हे मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारं मेमकॉपी किंवा मेममूव्ह. मग डिनसिममध्ये ही दोन्ही नावं असताना, ती तर प्रत्येक प्रोग्रामला लागतात, पीप्रॉफला ती का सापडली नाहीत?

सापडली होती, पण दुसऱ्याच पत्त्यावर. एक्स८६ वरच्या जीलिबसीत मेममूव्ह हे साधं फंक्शन नाही. ते आयफंक जातीचं सिम्बॉल आहे. एकाच कामासाठी लिबसीत प्रोसेसरच्या वेगवेगळ्या सूचनासंचांचे अनेक अवतार असतात : एसएसई२ चा, एसएसएसई३ चा, एव्हीएक्सचा, एव्हीएक्स५१२ चा. मेममूव्ह या नावापुढे लिहिलेला पत्ता असतो तो निवड करणाऱ्या छोट्या फंक्शनचा. डायनॅमिक लिंकर सांधे जोडताना त्या निवडकर्त्याला एकदा हाक मारतो. तो प्रोसेसरची कुवत पाहून योग्य अवताराचा पत्ता परत देतो, आणि तो पत्ता हाक मारणाऱ्याच्या ग्लोबल ऑफसेट टेबल या पत्त्यांच्या तक्त्यात लिहिला जातो. त्यानंतरच्या सगळ्या हाका थेट अवताराकडे. म्हणजे ‘मेममूव्ह’ या नावाखालचा कोड सुरुवातीला क्षणभर चालतो आणि नंतर चालतच नाही. प्रत्यक्ष राबतो तो अवतार, ज्याचं नाव __मेममूव्ह_एव्हीएक्स_अनअलाइन्ड_ईआरएमएस. हे नाव लिबसीच्या आतलं, बाहेर न दिलेलं, म्हणून डिनसिममध्ये नाही. सिमटॅबमध्ये होतं, ते स्ट्रिपमध्ये गेलं.

त्या बांधणीत असेंब्लीत लिहिलेले हे सगळे अवतार कोडच्या सेक्शनमध्ये मागच्या बाजूला एकगठ्ठा बसले होते, आणि त्यांच्या आधी येणारं शेवटचं एक्सपोर्ट केलेलं नाव होतं ते एनएसएसचं. एवढाच दोघांचा संबंध : शेजार. जीलिबसीची दुसरी आवृत्ती किंवा दुसरं वितरण घेतलं तर शेजारी बदलतो आणि आरोप दुसऱ्यावर जातो. तंत्रज्ञानात योगायोगाने लागलेलं नाव इतकं अर्थपूर्ण निघावं, ‘डेटाबेस’ आणि ‘लुकअप’ हे दोन्ही शब्द संथपणाचा वास देणारे असावेत, हे टीमचं दुर्दैव. तिथे एखादं गणिती फंक्शन असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आणखी एक खात्री करता येते, आणि आम्ही केली. जीलिबसीला ट्यूनेबल्स नावाच्या पर्यावरण-चलातून सांगता येतं की प्रोसेसरची अमुक कुवत नाही असं समज. एव्हीएक्सची कुवत अशी झाकून सेवा चालवली. निवडकर्त्याने वेगळा अवतार दिला, आणि सगळ्यात तापलेला पत्ता लिबसीतल्या दुसऱ्या जागी गेला. एनएसएसचं कुठलंही फंक्शन प्रोसेसरची कुवत पाहून आपली जागा बदलत नाही.

डीबग सिम्बॉल आणताना

आता खरं नाव अहवालात यावं म्हणून उबंटूचं लिबसी६-डीबीजी पॅकेज घेतलं. इथे वाचकाने थोडं थांबावं, कारण पुढची चूक बहुधा इथे होते.

डीबग फाइल आणि चालू लायब्ररी यांची जोडी नावावरून किंवा आवृत्तीवरून जुळवायची नसते. २.३१ याच आवृत्तीच्या उबंटूने अनेक बांधण्या दिल्या आहेत. सुरक्षा-दुरुस्ती आली की आवृत्ती तीच, पण आतली मांडणी हललेली. जोडी जुळते ती बिल्ड-आयडीवरून. लिंकर फाइलमध्ये एका नोटमध्ये हा ठसा कोरतो, बहुधा २० बाइटांचा, ४० हेक्स अंकांत लिहिलेला. स्ट्रिप केल्यावरही तो राहतो आणि डीबग फाइलमध्येही तोच असतो. दोन्हींचे ठसे एक असतील तरच नावांवर भरवसा ठेवायचा.

आमचा ठसा जुळला नाही. सेवा बरेच दिवस चालू होती, आणि मधल्या काळात मशीनवर लिबसीची दुरुस्ती बसली होती. प्रोसेसमध्ये जुनी लिबसी चढलेली, डिस्कवर त्याच नावाने नवी. मॅप्समध्ये त्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो, तो पाहिला की सावध व्हावं. जे साधन नकाशातलं नाव घेऊन डिस्कवरची फाइल उघडतं त्याला नवी लिबसी मिळते, आणि ते जुन्या पत्त्यांना नव्या फाइलमधली नावं लावतं. कंटेनरमध्येही हाच प्रकार वेगळ्या कारणाने होतो : आत डेबियनची लिबसी, बाहेर यजमान मशीनवर उबंटूची, दोघींची वाट एकसारखी. बाहेरून पाहणाऱ्या साधनाने प्रॉकखालच्या त्या प्रोसेसच्या ‘रूट’मधून आत जाऊन फाइल उघडायला हवी.

जुनी, पुसलेली फाइल प्रॉकखालच्या मॅप-फाइल्समधून अधिकार असतील तर परत मिळवता येते. इथे त्याची गरज नव्हती. सेवा पुन्हा सुरू केली, प्रोफाइल नव्याने घेतलं, ठसे जुळवले.

डीबग फाइलमध्ये आणखी एक खाच असते. तिच्यात सिमटॅब आहे, पण कोड नाही. कोडचं सेक्शन फक्त नावाला असतं, फाइलमध्ये त्याने जागा घेतलेली नसते. त्यामुळे डीबग फाइलच्या सेक्शन हेडरमधले ऑफसेट निरुपयोगी. ऑफसेटावरून आभासी पत्ता काढायचा तो मूळ लायब्ररीच्या प्रोग्राम हेडरवरून, आणि मग तो आभासी पत्ता घेऊन डीबग फाइलच्या टेबलमध्ये नाव शोधायचं. दोन फाइली, दोघींची कामं वेगळी. टीमच्या स्क्रिप्टमध्ये हे वेगळं केलेलं नव्हतं. तिथे ते दुरुस्त केलं, आणि शोधताना आकार तपासण्याची अटही घातली : पत्ता हद्दीबाहेर पडला तर नाव छापायचं नाही, पत्ताच छापायचा.

यानंतर यादीत सगळ्यात वर __मेममूव्ह_एव्हीएक्स_अनअलाइन्ड_ईआरएमएस आलं. काही साधनं त्याच पत्त्याला मेमकॉपीचं नाव देतात. जीलिबसीत या दोघांचा हा अवतार एकच कोड आहे आणि एकाच पत्त्यावर दोन नावं लागलेली आहेत, तेव्हा त्यातून काही अर्थ काढू नये.

बोलावणारा कोण

आतल्या फंक्शनचं नाव कळलं तरी दुरुस्ती तिथे नसते. मेममूव्ह वेगवान करायला कोणी निघालेलं नव्हतं. प्रश्न होता, इतक्या कॉपी मागतं कोण. जीपर्फटूल्स इथे लिबअनवाइंडच्या मदतीने स्टॅक उलगडत होतं, आणि तो ‘ईएच फ्रेम’ या सेक्शनच्या आधाराने चालतो. सी++ मधले अपवाद (एक्सेप्शन) हाताळायला ते सेक्शन लागतं, म्हणून स्ट्रिपमध्ये ते जात नाही. त्यामुळे बोलावणाऱ्याचं नाव बरोबर मिळालं.

पर्फने फ्रेम पॉइंटरवरून (चालू फंक्शनची स्टॅकवरची जागा, म्हणजे फ्रेम, दाखवणाऱ्या रजिस्टरवरून) उलगडलं असतं तर नेमका तोच माणूस गळाला असता. असेंब्लीतला हा अवतार स्वतःची फ्रेम उभारत नाही. त्यामुळे फ्रेम पॉइंटर अजून बोलावणाऱ्याच्याच फ्रेमकडे बोट दाखवत असतो, आणि तिथे सापडणारा परतीचा पत्ता असतो बोलावणाऱ्याच्या बोलावणाऱ्याचा. माळ सुसंगत दिसते, फक्त मधला एक मणी नाही. फेडोरा ३८ ने आणि उबंटू २४.०४ ने बहुतेक सगळी पॅकेजं फ्रेम पॉइंटरसह बांधायला सुरुवात केली, ते चांगलंच झालं. पण अशा हाताने लिहिलेल्या असेंब्लीसाठी ही उणीव राहतेच. संशय आला तर त्या एका धावेपुरता ड्वार्फ या डीबग-माहितीवरून स्टॅक उलगडावा.

आणि परतीच्या पत्त्यांचं नाव शोधताना त्यातून एक वजा करून शोधायचं असतं. परतीचा पत्ता हा हाकेनंतरच्या सूचनेचा असतो. हाक हीच फंक्शनमधली शेवटची सूचना असेल, तर तो पत्ता पुढच्या फंक्शनच्या हद्दीत पडतो. घरगुती स्क्रिप्टांमध्ये हेही बऱ्याचदा राहून जातं.

बोलावणारं फंक्शन रांगेत ढकलणारंच होतं. कोड उघडला. संदेशाचा मजकूर बाइटांच्या व्हेक्टरमध्ये (यादीत), आणि प्रत्येक ग्राहक-थ्रेडच्या रांगेत तो व्हेक्टर मूल्याने, म्हणजे कॉपी होऊन, जात होता. जितके ग्राहक तितक्या पूर्ण कॉपी. त्यातही एका लॅम्डाने (निनावी फंक्शनने) तो मूल्याने पकडलेला, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे आणखी एक. मजकूर एकदा तयार झाला की कोणी बदलत नव्हतं, म्हणून टीमने तो न बदलणाऱ्या शेअर्ड पॉइंटरमागे (अनेकांनी मिळून वापरायच्या पत्त्यामागे) ठेवला आणि रांगांमध्ये फक्त पॉइंटर जाऊ दिला. नंतरच्या प्रोफाइलमध्ये मेममूव्ह यादीत पार खाली गेलं. वर आली ती संदेश वाचणारी फंक्शनं, जी तिथे असायलाच हवीत.

लॉगरमधून काढलेलं वापरकर्त्याचं नाव त्यांनी परत घातलं. प्रोफाइल घेण्याच्या मशीनवर डीबग पॅकेजं कायमची बसवली, आणि प्रत्येक प्रोफाइलसोबत चढलेल्या सगळ्या लायब्ऱ्यांचे बिल्ड-आयडी नोंदायला सुरुवात केली. पुढच्या उबंटूवर जाताना त्यांनी डीबगइन्फोडी वापरायचं ठरवलं आहे : एल्फयुटिल्स या साधनसंचासोबत २०१९ मध्ये आलेली ही सेवा बिल्ड-आयडी दिला की जुळणारी डीबग फाइल नेटवरून आणून देते, त्यामुळे पॅकेजची आवृत्ती हाताने जुळवावी लागत नाही.